भयपटातील ध्वनी व दृश्ययोजना : त्रास आणि भय यांचा विवेक

चित्रपटगृहाच्या अंधारात एकाएकी दार आपटल्याचा आवाज झाला की प्रेक्षक दचकतो. परंतु दचकणे म्हणजे भिणे नव्हे. हा भेद नाट्यशास्त्राला परिचित आहे. वीज, उल्कापात, मेघगर्जना अशा आकस्मिक कारणांनी उद्भवणारा 'त्रास' भरताने व्यभिचारी भावांत गणला आहे. 'भय' हा मात्र भयानक रसाचा स्थायी भाव होय. भयपटांच्या समीक्षेत हा विवेक बहुधा सुटतो आणि आवाज जितका मोठा तितके भय अधिक, असा समज बळावतो.

वस्तुतः कोणताही ध्वनी स्वभावतःच भीतिदायक असतो असे नाही. भाषेतील वर्णाला स्वतःचा अर्थ नसतो. अन्य वर्णांपासून असलेल्या भिन्नत्वामुळे तो अर्थभेदक ठरतो. भयपटातील ध्वनीलाही हाच न्याय लागू पडतो. पेण व रोहे यांच्या दरम्यानच्या कासू परिसरात आषाढातील पाऊस म्हणजे भातलावणीची वर्दी. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटात कोकणातला तोच पाऊस देवांच्या कोपाचे चिन्ह बनतो. पाऊस बदललेला नाही; बदलली आहे ती त्याची योजना. पंकज कुमार यांच्या छायालेखनात ऊन जवळजवळ नाहीच. त्यामुळे पाऊस ही घटना न राहता अवस्था होते, आणि त्या अखंड नादात मध्येच येणारी शांतता अधिक अस्वस्थ करते.

याच चित्रपटातील साखळदंडाने जखडलेली वृद्धा 'हस्तर' या नावाच्या उच्चाराने निद्राधीन होते. येथे शब्द वस्तूचा निर्देश करून थांबत नाही. तो कृती करतो. मुलाला नाव वेळेवर आठवेल काय, या शंकेतच प्रसंगाचे सारे भय साठलेले आहे. उलट, अखेरीस हस्तराची अनेक रूपे एकदम पडद्यावर येतात तेव्हा भयाची जागा अद्भुत आणि बीभत्स घेतात. दृश्य वाढते, भय घटते.

कमाल अमरोही यांचा 'महल' (१९४९) याहून संयमी आहे. त्यातील विख्यात गीताच्या ध्वनिमुद्रणात लता मंगेशकर दुरून गात ध्वनिग्राहकाकडे चालत आल्या, हे सर्वश्रुत आहे. आवाज जवळ येतो. गाणारी मात्र हाती लागत नाही. भाषणातील 'मी' आणि 'येथे' या पदांचा अर्थ वक्त्याच्या स्थानावरून ठरतो. वक्त्याचे स्थानच अज्ञात राहिले तर ऐकणाऱ्याचे स्थानही डळमळते. ज्याचा उगम दिसत नाही अशा आवाजाला पडद्यावर सर्वव्यापी सामर्थ्य लाभते, असे फ्रेंच समीक्षक मिशेल शियाँ यांचे प्रतिपादन आहे; ते येथे तंतोतंत लागू पडते. विशेष म्हणजे 'महल'मध्ये अखेर भूत नाहीच. भय भुताने नव्हे, योजनेने निर्माण केले होते.

मराठीत या दृष्टीने विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) विचारार्ह ठरतो. भोवतालचा ऊस दृष्टीला अडवतो, पण आवाजाला अडवीत नाही. मुलांच्या खेळाचा निरागस नाद या दृश्याच्या सान्निध्यात आपला अर्थ बदलतो. गर्भवती नायिकेला घेरणारे भय पिशाचाचे वाटते. त्याच्या मुळाशी मात्र मुलीचा जन्म नाकारणारी माणसे आहेत.

म्हणूनच त्रास आणि भय यांतील भेद केवळ शास्त्रीय नव्हे. दचकलेला प्रेक्षक क्षणभराने हसतो आणि दिवे लागताच सारे विसरतो. खरोखर भ्यालेला प्रेक्षक आपण कशाला भ्यालो, हा प्रश्न घेऊन घरी जातो. 'लपाछपी'सारख्या कृतीत त्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर नसून समाजात आहे. मोठ्या आवाजाने तो प्रश्न बुजवणे, हा अशा विषयाच्या बाबतीत केवळ कलादोष राहत नाही. तो विषयाशी केलेला द्रोह ठरतो.