शार्लट बोलते, पण खोटे बोलत नाही

शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तके निवडायची वेळ आली, की विज्ञानाच्या शिक्षकांकडून एक आक्षेप हमखास येतो. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी भाषेच्या तासाला ठीक आहेत, आमच्याकडे नकोत. आम्ही निरीक्षण शिकवायचे, आणि गोष्टीतला ससा कोट घालून चहा पिणार! मग मुलांनी कशावर विश्वास ठेवायचा?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅनडातील टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली या विषयावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांच्या ओळखीच्या नसलेल्या प्राण्यांची चित्रपुस्तके वाचून दाखवण्यात आली. काही पुस्तकांत प्राणी प्राण्यासारखे होते, तर काहींत माणसासारखे वागणारे-बोलणारे. दुसऱ्या प्रकारची पुस्तके ऐकलेली मुले खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवू लागली आणि त्या प्राण्यांची खरी माहिती त्यांनी कमी उचलली.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जपानमधील मानसशास्त्रज्ञ कायोको इनागाकी यांनी १९९० साली घरी गोल्डफिश पाळणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास मांडला. या मुलांना बेडकाविषयी प्रश्न विचारले, तर ती आपल्या माशावरून अंदाज बांधत. मासे न पाळलेल्या मुलांना हे तितके जमत नव्हते. याचा अर्थ असा, की मूल अनोळखी प्राण्याला ओळखीच्या प्राण्याच्या मापाने मोजते. सर्वांत ओळखीचा प्राणी माणूस, म्हणून ते पहिल्यांदा माणसाचे माप लावते. दुसऱ्या एखाद्या प्राण्याची खरी ओळख झाली, की त्याच्या हातात दुसरे माप येते.

तेव्हा गोष्टीतला प्राणी बोलतो की नाही, एवढ्यावर पुस्तकाचा निकाल लावता येणार नाही. त्या प्राण्याची खरी ओळख पुस्तक करून देते का, हे पाहावे लागेल. त्यासाठी एक साधी कसोटी सुचवतो. पात्राचे बोलणे मनातल्या मनात काढून घ्यावे आणि मागे काय उरते ते पाहावे. पंचतंत्रातल्या कोल्ह्यांचे बोलणे काढले, तर कोल्हे फारसे उरत नाहीत. त्यात तक्रारीचे कारण नाही. ते दरबारातले मंत्री आहेत, आणि हे लहान मुलालाही कळते. पण मूल आणि प्राणी यांच्या मैत्रीची म्हणून जी गोष्ट सांगितली जाते, तिला ही कसोटी लावलीच पाहिजे.

या कसोटीला उतरणारे एक पुस्तक म्हणजे अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइट यांचे ‘शार्लट्स वेब’. ते १९५२ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी सोपे आहे. आठवी-नववीचा विद्यार्थी शिक्षकाच्या थोड्या मदतीने ते वाचू शकेल. कथा थोडक्यात अशी. फर्न या आठ वर्षांच्या मुलीचे वडील डुकरिणीच्या नव्या विणीतले एक अशक्त पिल्लू मारायला कुऱ्हाड घेऊन निघतात. मीच जन्मताना लहानखुरी असते तर मला मारले असते का, असा सवाल फर्न करते. वडील निरुत्तर होतात आणि पिल्लू तिच्या हवाली करतात. ती त्याचे नाव विल्बर ठेवते, बाटलीने दूध पाजून त्याला वाढवते. पिल्लू पाच आठवड्यांचे झाल्यावर ते फर्नच्या मामांच्या गोठ्यात जाते. फर्न रोज तेथे जाऊन स्टुलावर बसते आणि जनावरांचे बोलणे ऐकते. नाताळच्या सुमारास आपल्याला कापणार, हे विल्बरला म्हाताऱ्या मेंढीकडून कळते. गोठ्याच्या दारात जाळे विणून राहणारी शार्लट त्याला वाचवायचे वचन देते आणि आपल्या जाळ्यात विल्बरच्या स्तुतीचे शब्द विणते. माणसे थक्क होतात, विल्बर प्रसिद्ध होतो, वाचतो.

शार्लट ही कोळ्याची मादी आहे. (मराठीत ‘कोळीण’ म्हटले की डोळ्यांपुढे मासळीची पाटी येते, म्हणून तो शब्द टाळतो.) आता तिचे बोलणे आणि ते विणलेले शब्द काढून घेऊ. मागे काय उरते?

उरतो तो अमेरिकेतल्या गोठ्यांत, कोठारांत प्रत्यक्ष आढळणारा एक कोळी. शास्त्रीय नाव अरेनियस कॅव्हॅटिकस. शार्लट आपले पूर्ण नाव सांगते, त्यात हे जातिनाम आडनावासारखे आले आहे. तिच्या प्रत्येक पायाला सात भाग आहेत आणि विल्बरला ती ते क्रमाने म्हणून दाखवते: कोक्सा, ट्रोकँटर, फीमर, पॅटेला, टिबिया, मेटॅटार्सस, टार्सस. आठ पाय, प्रत्येकी सात भाग. ही माहिती बरोबर आहे, आणि ती धड्यासारखी येत नाही. आपले पाय इतके केसाळ का, असे विल्बर विचारतो, तेव्हा ओघात येते.

शार्लटला लांबचे नीट दिसत नाही. गोल जाळे विणणाऱ्या कोळ्यांची दृष्टी खरोखरच अधू असते. भक्ष्य सापडल्याचे त्यांना धाग्यांच्या कंपनांवरून कळते. जाळ्यात माशी अडकली, की शार्लट तिच्याभोवती धागे गुंडाळते आणि चावा घेऊन तिला बेशुद्ध करते. मग तिचे रक्त पिते आणि ते आपल्याला आवडते, हेही सांगते. विल्बरला किळस येते. वाचकालाही येते. यावर शार्लट दोन उत्तरे देते. मला आयते खायला कोणी घालत नाही, हे पहिले. कोळ्यांनी कीटक धरले नाहीत, तर कीटक इतके वाढतील की सगळ्याचा नाश होईल, हे दुसरे. अन्नसाखळीचा धडा याहून थोडक्यात सांगणे अवघड आहे. एक बारीकसा दोष दाखवता येईल. कोळी नुसते रक्त शोषत नाही. भक्ष्यावर पाचक रस सोडून आतला भाग पातळ करतो आणि तो पितो. शिक्षकाने एवढी पुस्ती जोडावी.

धाग्यांचेही तसेच. कोळी एकाच प्रकारचा धागा काढत नाही. जाळ्याचा सांगाडा आणि आरे कोरड्या, मजबूत धाग्याचे असतात, तर भक्ष्य धरणारे सर्पिल वेढे चिकट धाग्याचे. शब्द विणताना शार्लट कोरडा धागा निवडते. चिकट धागा वापरला, तर प्रत्येक अक्षरावर कीटक चिकटून बसतील. गोष्टीतली सर्वांत अशक्य घटना आहे ही, आणि तिथेही लेखकाने कोळ्याचे शरीर सोडलेले नाही.

हे आपोआप घडले नाही. व्हाइट अमेरिकेच्या ईशान्येला मेन राज्यात शेतावर राहत. आपल्या गोठ्यात त्यांनी कोळ्याला अंडी घालताना पाहिले. ती अंड्यांची पिशवी ते न्यूयॉर्कला घेऊन गेले, आणि तेथे त्यांच्या खोलीत पिल्ले बाहेर पडून आरशा-टेबलावर धागे ताणू लागली. नंतर त्यांनी कोळ्यांवरचे शास्त्रीय ग्रंथ वाचले. डुकराचेही तसेच. कापण्यासाठी पाळलेले एक डुक्कर आजारी पडले, त्याची शुश्रूषा करूनही ते मेले; त्यावरचा व्हाइट यांचा लेख १९४८ साली प्रसिद्ध झाला होता.

तुलनेसाठी आपल्या शेजारच्या जंगलातले पुस्तक घेऊ. रुडयार्ड किपलिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ सालचे. मोगलीचे जंगल सिवनीचे. नागपूर जिल्ह्यात पसरलेले पेंचचे रान त्यालाच लागून आहे. लांडग्यांचे कळप करून राहणे आणि पिल्लांची राखण किपलिंगने छान टिपली आहे. पण का हा अजगर आपल्या नाचाने माकडांना मोहिनी घालतो. कोणताही साप मोहिनी घालत नाही; अजगर दबा धरून बसतो आणि विळख्याने मारतो. किपलिंगच्या माकडांना ना कायदा, ना पुढारी. प्रत्यक्षात माकडांच्या टोळीला काटेकोर उतरंड असते. लाल तोंडाच्या माकडांत तर आईचा दर्जा मुलीकडे चालत येतो. या दोन्ही चुका बोलण्यामुळे झालेल्या नाहीत. बोलणे खोटे आहे, हे वाचकाला माहीत असते. मोहिनी खोटी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने सावध राहायचे ते अशा ठिकाणी.

अमेरिकेत हा वाद पूर्वीच झाला आहे. १९०३ साली जॉन बरोज या निसर्गलेखकाने काही लोकप्रिय प्राणिकथांवर कडक टीका केली आणि १९०७ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यात उतरले. त्यांचा राग उघड काल्पनिक गोष्टींवर नव्हता. डोळ्यांनी पाहिले, असे सांगून ज्या कल्पित गोष्टी छापल्या जात होत्या, त्यांवर होता.

‘शार्लट्स वेब’ही निर्दोष नाही. टेम्पल्टन हा उंदीर हावरट आणि आपमतलबी आहे. मोबदला मिळाल्याशिवाय कोणाला मदत करत नाही. कचऱ्यातून शब्दांचे कागद शोधून आणणारा तोच, म्हणून कथेला त्याची गरज आहे. पण ही जुनी बदनामी आहे. २०११ साली शिकागो विद्यापीठातील प्रयोगात, नळीत अडकलेल्या सोबत्याला दार उघडून सोडवणारे उंदीर दिसून आले, तेही शिकवल्याशिवाय. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. विल्बर वाचला, पण बाकीच्या डुकरांचे काय? फर्न पिल्लाला प्रथम हातात घेते, तेव्हा त्याच स्वयंपाकघरात तळलेल्या डुकराच्या मांसाचा वास दरवळत असतो. व्हाइट यांनी हा वास लपवला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. त्यावर प्रश्न मात्र त्यांनी विचारला नाही. तो वर्गात विचारता येईल. प्रसिद्धी मिळाली म्हणून एकाला जीवदान, हा न्याय झाला का?

१९७३ सालच्या व्यंगपटात शार्लटला माणसासारखे मोठे डोळे आणि गाणी दिली आहेत. पुस्तकातल्या गार्थ विल्यम्स यांच्या चित्रांत ती लहानसा कोळीच आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. गोंडस केल्याशिवाय प्राण्यावर प्रेम करता येत नाही, असे मानणारा चित्रपट मुलांच्या समजुतीला कमी लेखतो.

आता मैत्रीविषयी. नीट वाचले, तर गोठ्यातल्या या गप्पांत फर्न भाग घेताना दिसत नाही. ती बसते आणि ऐकते. मुलगी जनावरांचे बोलणे ऐकते म्हणून तिची आई घाबरते आणि डॉक्टरांकडे जाते. डॉक्टर डोरियन सांगतात, की शब्द विणण्याआधी जाळे हाच चमत्कार होता. कोणी न शिकवता कोळ्याचे पिल्लू ते विणते, याचे नवल कोणाला वाटले नाही. पुस्तकाचा गाभा इथे आहे. सगळे गाव शब्द पाहायला धावते, जाळे कोणी पाहत नाही. पुढे जत्रेतल्या आकाशपाळण्यात फर्नचे मन रमते आणि गोठा मागे पडतो. मुलांना हे आवडत नाही, पण ते खरे आहे. ऐकण्याचे वय सरते. ते सरण्याआधी काय ऐकवायचे, ही आपली जबाबदारी.

शार्लट मरते. जत्रेत अंड्यांची पिशवी विणून झाल्यावर, एकटी. तिच्या जातीची मादी शरद ऋतूत अंडी घालून मरते, अंडी थंडी काढतात आणि वसंतात पिल्ले बाहेर पडतात. व्हाइट यांनी तिला वाचवले नाही, कारण कोळ्याच्या आयुष्याला ते धरून झाले नसते. ५१४ अंडी, त्यांतली तीन पिल्ले गोठ्यात राहतात, बाकीची धागा सोडून वाऱ्यावर निघून जातात. हेही खरे. १८३२ साली बीगल जहाजावर चार्ल्स डार्विनने किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर असे असंख्य कोळी उतरलेले पाहिले. या उड्डाणात वाऱ्याबरोबर हवेतल्या विद्युतक्षेत्राचाही हात असतो, हे ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली दाखवले. व्हाइट यांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी पाहिले तेवढे लिहिले, आणि ते आजही टिकून आहे. मृत्यूचे दुःख मुलांपासून लपवू नये. सर्वांत सच्चे असे हेच पान आहे.

वर्गात काय करावे? पुस्तक धडा म्हणून शिकवू नये, वाचून दाखवावे. मग मुलांना वहीत दोन रकाने करायला सांगावे: शार्लटने माणसाकडून उसने घेतलेले काय, आणि तिचे स्वतःचे काय? दुसरा रकाना लांब होत जाताना मुलांनाच आश्चर्य वाटेल. पावसाळ्याच्या अखेरीस शाळेच्या कुंपणावर जाळ्यात फुलीसारखी पांढरी नक्षी विणणारा कोळी शोधावा. सही केल्यासारखी नक्षी, म्हणून त्याला ‘सिग्नेचर स्पायडर’ म्हणतात. ही नक्षी भक्ष्याला भुलवण्यासाठी, की पक्ष्यांना दूर ठेवण्यासाठी, यावर शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. म्हणजे जाळ्यात लिहिणारा कोळी आपल्या अंगणातही आहे, आणि त्याने काय लिहिले, ते वाचणे अजून बाकी आहे.

शनिवारी वर्गाची सफाई होते. कुंचा घेतलेला मुलगा कोपऱ्यातल्या जाळ्यापाशी थबकला आणि ‘सर, हे राहू देऊ का?’ असे त्याने विचारले, तर पुस्तक पोचले असे समजावे.