चढण आहे, पायऱ्या नाहीत

महाराष्ट्रात बऱ्याच जणांची ‘इंडियन ओशन’शी ओळख झाली ती ‘ब्लॅक फ्रायडे’मधल्या ‘बंदे’ या गाण्यामुळे. १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा अनुराग कश्यपचा हा चित्रपट उच्च न्यायालयाच्या स्थगितीत अडकला आणि लोकांसमोर यायला फेब्रुवारी २००७ उजाडला. गाणी मात्र त्याआधीच बाजारात आली होती. चित्रपट डब्यात आणि गाणं लोकांच्या तोंडी, असा उलटा प्रकार झाला. अनेकांना वाटलं, दिल्लीचा कुठला तरी नवा बँड दिसतोय. त्या ‘नव्या’ बँडनं तोवर पंधराएक वर्षं वाजवून काढली होती, आणि माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम करूनही झालं होतं.

या शेवटच्या वाक्यावर चाहते तुटून पडतील, म्हणून जरा सविस्तर.

ऐंशीच्या दशकात भारतात रॉक म्हणजे इंग्रजी, आणि त्याचं माहेरघर मुंबई. धोबी तलावला सेंट झेवियर्सच्या मागचं रंगभवन, पवईला आयआयटीचा ‘मूड इंडिगो’, आणि १९८६पासून फरहाद वाडियांनी सुरू केलेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’. या वर्तुळात सर्वांत वर पोहोचला ‘रॉक मशीन’. १९८४ साली जमलेल्या या बँडमध्ये महेश तिनईकर गिटारवर होते, पुढे उदय बेनेगल गायला आले. तेव्हाचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत असताना या मंडळींनी स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८मध्ये त्यांचा अल्बम काढला. १९९३मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झालं, ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या आशियाई प्रेक्षकांचा पुरस्कार मिळाला. आणि १९९७मध्ये बँड फुटला.

का फुटला याची वैयक्तिक कारणं असतीलच, पण मला त्यात रचनेतला दोष जास्त दिसतो. देशात रॉकसाठी जेवढ्या पायऱ्या होत्या तेवढ्या ते चढून गेले होते. पुढची पायरी बांधलेलीच नव्हती. इंग्रजीत गाणाऱ्या बँडला इथे गिऱ्हाईक मोजकं, परदेशात तसे बँड पैशाला पासरी. मधल्या मध्ये लोंबकळण्यापलीकडे काही उरत नाही. २०१०मध्ये ते पुन्हा जमले, २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा चांगला अल्बमही केला. तोवर त्यांचा श्रोता चाळिशी ओलांडून घरी बसला होता.

दिल्लीतली गोष्ट अगदी वेगळ्या चालीनं गेली. गिटारवादक सुस्मित सेन आणि गाणारे, तबला वाजवणारे असीम चक्रवर्ती ऐंशीच्या दशकातच एकत्र वाजवायला लागले होते. १९९०मध्ये बँडला नाव मिळालं, पुढच्या वर्षी बेस गिटार घेऊन राहुल राम आले, १९९४मध्ये ड्रम्सवर अमित किलम. पहिला अल्बम १९९३मध्ये एचएमव्हीनं काढला आणि फारसं काही झालं नाही. पोटापाण्याचे उद्योग सांभाळून रियाज आणि मिळेल तिथे कार्यक्रम, अशीच ती वर्षं गेली. १ जानेवारी १९९७ला रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ मंडी हाउसच्या रस्त्यावर ‘सहमत’ या संस्थेनं भरवलेल्या कार्यक्रमात त्यांनी वाजवलं. तिथलं थेट ध्वनिमुद्रण म्हणजे ‘डेझर्ट रेन’. स्टुडिओत जाऊन चुका पुसण्याची सोय नसलेलं हे काम आजही त्यांच्या सर्वांत मोकळ्या कामांपैकी आहे.

त्याच सुमारास देशात इंडीपॉपची लाट होती. अलिशा, दलेर मेहंदी, दिल्लीचाच ‘युफोरिया’, ‘सिल्क रूट’. या सगळ्यांचा डोलारा दूरचित्रवाणीवरच्या व्हिडिओंवर उभा होता. पुढे कंपन्यांनी आणि वाहिन्यांनी सगळं लक्ष चित्रपटसंगीताकडे वळवलं तसा तो कोसळला. इंडियन ओशनला त्या पडझडीची झळ फारशी बसली नाही, कारण त्या डोलाऱ्यात ते नव्हतेच. चौघांपैकी एकही जण पडद्यावर नाचण्यातला नव्हता. त्यांचा श्रोता एकेका कार्यक्रमातून, एकेका महाविद्यालयातून जमा होत गेला. वाहिनीनं दिलेला श्रोता वाहिनी परत नेते. असा जमवलेला श्रोता सहसा सोडून जात नाही.

मार्च २०००मध्ये ‘कंदीसा’ आला आणि तिथे ही सगळी वर्षं फळाला आली. शीर्षकगीत हे केरळच्या सिरियन ख्रिश्चनांचं प्राचीन सीरियाक भाषेतलं स्तोत्र. त्यातला शब्द कळणारे श्रोते देशात किती असतील? तरीही कार्यक्रमात लोक ते बँडबरोबर म्हणायचे. गाणं संथ उघडतं, आवाज जवळजवळ उघडा, वाद्यं मागे हात जोडून उभी असल्यासारखी. मग एकेक थर चढत जातो. घाई कुठेच नाही. आठ मात्रांत मुद्दा संपवायच्या आजच्या सवयीत हा धीर विलक्षण वाटतो.

असीम चक्रवर्ती मंचावर मांडी घालून बसत, तबला आणि इतर तालवाद्यं वाजवत आणि त्याच वेळी मुख्य आवाजही लावत. आपल्याकडे पेटीवर गाणारे पुष्कळ, तबला वाजवता वाजवता ख्यालाच्या ताकदीनं गळा मोकळा सोडणारे किती? श्वास आणि ठेका एकाच माणसाच्या ताब्यात असल्यानं त्या गाण्यांची लय आखून दिलेली वाटत नाही. शब्द लांबला तर ठेकाही समजून घेतो. सुस्मित सेन यांची गिटार तितकीच वेगळी. त्या काळात रॉक गिटार म्हणजे करकर आणि वेग, असं समीकरण होतं. हे गृहस्थ साध्या, स्वच्छ आवाजात सरोदाच्या अंगानं ओळी बांधत. ‘खजुराहो’ ऐकताना ते लगेच लक्षात येतं. शुद्धतावादी लोक याला रॉक म्हणायला तयार नसत, फ्यूजन म्हणून मोकळे होत. पण तबला आणि गिटार शेजारी बसवून आळीपाळीनं सवालजवाब करायचा जो फ्यूजनचा ठराविक खाक्या, तो इथे नाही. चौघे मिळून एकच गाणं वाजवतात. बँड यालाच म्हणतात.

‘मा रेवा’ची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेतलेले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरले होते आणि नर्मदेच्या खोऱ्यातलं हे पारंपरिक गाणं त्यांनी बँडकडे आणलं. त्या नदीचा एक काठ महाराष्ट्राचा आहे. धरणाच्या पाण्याशी झगडणारं मणिबेली आपलं, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलं. तिथलं गाणं दिल्लीच्या करोल बागेत तालमी करणाऱ्या बँडमार्फत पुण्या-मुंबईच्या पोरांपर्यंत आलं, याचं मला कौतुकही वाटतं आणि थोडी लाजही.

२००३च्या ‘झीनी’पर्यंत ही चढण चालू राहिली. मग ‘ब्लॅक फ्रायडे’ आला आणि पियुष मिश्रांच्या शब्दांना चाल लावून बँड घराघरात पोहोचला. गाणं उत्तम आहे, वाद नाही. पण त्यातून एक कटू गोष्ट सिद्ध झाली. सतरा वर्षांच्या मैफलींनी जे जमलं नाही ते एका चित्रपटानं केलं. या देशात मुख्य प्रवाह म्हणजे चित्रपट. ‘पेंटाग्राम’चे विशाल ददलानी हे तर याचं ठळक उदाहरण: रॉक बँडचा गायक म्हणून ते जाणकारांना माहीत, देशाला माहीत ते विशाल-शेखर या जोडीतले संगीतकार म्हणून. इंडियन ओशनचं मोठेपण इतकंच की चित्रपटाच्या दारात उभे राहतानाही त्यांनी आपला आवाज बदलला नाही. ‘पीपली लाइव्ह’मध्ये ते दिसतं, २०१५च्या ‘मसान’मध्येही दिसतं. तिथे ‘तू किसी रेल सी’ गायला त्यांनी स्वानंद किरकिरेंना बोलावलं, आणि त्या निवडीला दाद द्यावीच लागेल.

२५ डिसेंबर २००९ला असीम चक्रवर्ती गेले. बँड थांबला नाही. पुढच्या वर्षी करोल बागेतल्या तालमीच्या घराचा पत्ता हेच नाव असलेला ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम त्यांनी महिन्याला एक गाणं याप्रमाणे इंटरनेटवर फुकट वाटला. कंपन्यांना वळसा घालण्याचं हे धाडस आपल्याकडे तेव्हा फारच थोड्यांनी केलं होतं. त्याच वर्षी जयदीप वर्मांचा ‘लीव्हिंग होम’ हा बँडवरचा माहितीपट चित्रपटगृहांत लागला. असीम यांच्या जागी मात्र दोन माणसं घ्यावी लागली, तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गळ्याला हिमांशु जोशी. दोघेही तयारीचे आहेत. तरी श्वास आणि ठेका वेगळे झाले ते झालेच. २०१३मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले, गिटारवर निखिल राव आले. २०१४च्या ‘तंदानू’मध्ये शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट असे दिग्गज पाहुणे आहेत. ऐकायला बहारदार, पण पंगतीत यजमान कुठे बसलेत ते शोधावं लागतं. प्रसिद्धी नसताना ते मूळचे चौघे एकमेकांना जितकं ऐकत होते तितकं नंतरच्या कामात ऐकू येत नाही. म्हणून मी म्हणतो, त्यांचं सर्वोत्तम काम शिखरावरचं नाही, चढणीवरचं आहे.

आज चित्र बदललंय का? वरवर पाहता खूपच. दिल्लीचाच ‘ब्लडीवूड’ २०१९मध्ये जर्मनीत वाकेन महोत्सवाच्या मंचावर जाऊन आला. पुण्यात २०१०पासून ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ भरला, २०२३मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘लोलापालूझा’ आला. पण मोठ्या उत्सवांची गर्दी आणि मधल्या जागांचा दुष्काळ एकाच वेळी चालू आहे. रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमांत गेलं, लोअर परळचा ‘ब्लू फ्रॉग’ २०१६मध्ये बंद झाला. घरातल्या मोबाइलपासून थेट रेसकोर्सपर्यंत उडी मारा, मध्ये दोनशे खुर्च्यांची जागा शोधू नका, असा हिशेब आहे. दहा वर्षं कच्चं वाजवायची मुभा कोणालाच उरलेली नाही, आणि इंडियन ओशन त्या मुभेतूनच घडला होता.

मराठीचं काय, हा प्रश्न टाळता येत नाही. बंगालीत ‘मोहिनेर घोडागुली’ १९७५चा, ‘फॉसिल्स’ १९९८चा. मल्याळमला ‘अवियल’ मिळाला. मुंबई-पुण्यासारखी रॉकची गावं पोटात असूनही मराठीत त्या तोलाचं नाव पटकन तोंडावर येत नाही. गिटार हातात धरलेला आपला मुलगा इंग्रजीत गायला, आणि मराठी गाणं ऐकणारा रसिक नाट्यगृहातल्या खुर्चीत भावगीत ऐकत बसला. दोघांची गाठ पडली नाही. अलीकडे ‘अभंग रिपोस्ट’ विद्युत गिटारवर अभंग मांडतो, तरुण पोरं ते डोक्यावर घेतात, आणि सादरीकरण खरोखर दमदार आहे. पण शब्द संतांचे आहेत. आजच्या मराठी पोराचं भाडं, लोकल, बेकारी, प्रेमभंग हे त्याच्याच शब्दांत आणि त्याच्याच बँडच्या तालात यायचं बाकी आहे.

ज्यांनी इंडियन ओशन फक्त ‘बंदे’पुरता ऐकलाय त्यांना एक सुचवतो. आधी ‘डेझर्ट रेन’ लावा, मग ‘कंदीसा’ सलग, मधलं गाणं न गाळता. ‘तंदानू’ नंतर ऐकला तरी चालेल. आणि तुमच्या गावातल्या एखाद्या छोट्या सभागृहात कुणी पोरं स्वतःची गाणी वाजवणार असतील, तर पास मागू नका, तिकीट काढा.