बुरशीरोधक बोर्ड आणि दहापैकी दहा गुण

जिप्सम बोर्डच्या माहितीपत्रकात 'एएसटीएम डी३२७३ नुसार १० गुण' असं छापलेलं दिसलं, की आधी विचारा: हे दहा कशाचे?

नमुने ३२.५ अंश सेल्सिअस आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेल्या पेटीत टांगतात. तळाशी मातीत ऑरिओबॅसिडियम, अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम वाढवलेल्या असतात. चार आठवडे पृष्ठभाग बघून गुण द्यायचे. १० म्हणजे डोळ्यांना बुरशी दिसली नाही. बस, एवढंच.

ही पद्धत मुळात घरातल्या रंगांसाठी आहे. रंगाचा सगळा खेळ पृष्ठभागावरच चालतो, त्यामुळे तिथे ती शोभते. बोर्ड मात्र सच्छिद्र. नळ गळला की पाणी कागदातून गाभ्यात उतरतं आणि वाढ भिंतीच्या मागच्या बाजूला होते, जिथे कोणी बघत नाही. शिवाय भिजलेल्या बोर्डच्या कागदावर हमखास सापडणारी, सेल्युलोज पचवणारी स्टॅकीबॉट्रिस त्या तिघांत नाहीच! नमुनाही कोरा असतो. घरातल्या भिंतीवर धूळ बसते, आणि धूळ हे बुरशीचं आयतं जेवण.

एकाच पेटीत दोन रंगांची तुलना करायची असेल तर चाचणी चांगलीच आहे. 'घरात बुरशी येणार नाही' हा निष्कर्ष मात्र तिच्यातून ओढूनताणून काढलेला असतो. तुमच्या प्रस्तावात ती वापरणार असाल, तर काही नमुन्यांची एक कड पाण्यात बुडवा, काहींवर घरातली धूळ टाका, स्टॅकीबॉट्रिसही घ्या. शेवटी बोर्ड कापून आतला एर्गोस्टेरॉल मोजा.