फिनलंडचा टँगो

ला प्लाता नदीच्या कांठीं जन्मलेला टँगो फिनलंडांत १९१३ च्या सुमारास पोंचला तो युरोपमार्गें. म्हणून फिनिश टँगो ही उसनवारी, असें कित्येक रसिक म्हणतात. हें मत मला मान्य नाहीं.

अर्जेंटिनांत नर्तकांचीं पावलें क्षणोक्षणीं नवा डाव मांडतात. इंग्लंडच्या नृत्यगृहांनीं त्याला ठरीव पदन्यास व मानेचे झटके दिले. फिनलंडांत जोडपें जवळ येऊन जवळजवळ नुसतें चालतें. बँडोनियनची जागा अकॉर्डियननें घेतली आहे, आणि स्वरसप्तक बहुधा मायनर, म्हणजे आपल्या कोमल गांधाराच्या छायेचें. तोइवो कॅर्की यांच्या चालींत तर रशियन रोमान्सगीतांचा ओलावा स्पष्ट जाणवतो.

उन्तो मोनोनेन यांचें १९५५ चें ‘सातुमा’ घ्या. १९६२ सालीं रेयो ताइपाले यांच्या कंठांतून तें लोकप्रिय झालें. समुद्रापलीकडील सुखभूमीची ओढ, आणि पंख नसल्यानें मातीला खिळलेला गायक, एवढाच विषय! अर्जेंटिनाचा गायक पुष्कळदां सोडून गेलेल्या प्रेयसीला बोल लावतो. हा कोणालाच दोष देत नाहीं. यास रडगाणें म्हणून हिणविणारांनीं त्यांतील संयम ऐकावा: दुःख एवढें असूनहि खालचा ताल लष्करी कूचगीतासारखा सम चालतो, आणि गायकाचा आवाज कोठेंहि फुटत नाहीं.