गावंढळपणाचा साचा आणि मराठी कलाविष्कार

खेड्यातल्या माणसाला अडाणी ठरवणारी विशेषणे मराठीत विपुल आहेत. गावंढळ, खेडवळ, गावठी, हेंगाडा, आडमुठा ही त्यांपैकी नित्य वापरातली. मुंबईत त्यांच्या जोडीला घाटी हा शब्द येतो, जो मुळात सह्याद्रीचे घाट उतरून पोटासाठी आलेल्या देशावरच्या लोकांना उद्देशून होता आणि पुढे बोलण्याराहण्यात शहरी सफाई नसलेल्या कोणालाही लावला जाऊ लागला. जुन्या मराठीतील कुणबट या शब्दात तर शेती कसणाऱ्याची जातच असंस्कृतपणाची खूण झालेली दिसते. या वृत्तीची मुळे फार मागे जातात. संस्कृत काव्यशास्त्रात वामन आणि मम्मट यांनी ग्राम्यत्व, म्हणजे खेडवळ वाटणारी शब्दयोजना, हा काव्यदोष मानला, तर कामसूत्राचा आदर्श पुरुष हा नागरक, म्हणजे नगरात राहणारा रसिक होता. माहाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत पामर हा शब्द साध्या शेतकऱ्यासाठी येतो. मराठीत त्याच शब्दाला क्षुद्र, दीन असा अर्थ चिकटला. मराठी रंगभूमी, कथा आणि चित्रपट यांना हा साचा असा वारशानेच मिळाला, आणि त्यांनी त्याचे काय केले हे पाहताना एक प्रश्न कळीचा ठरतो : खेडुतावर होणारा हशा कोणाच्या बाजूने उभा असतो?

आधुनिक मराठी नाटकाच्या आरंभीच या प्रश्नाला एक स्पष्ट उत्तर मिळाले होते. जोतीराव फुले यांच्या 1855 मधील ‘तृतीय रत्न’ या नाटकात एक कुणबी जोडपे जोशाच्या थापांना बळी पडते, परंतु त्यांच्या भोळेपणाची थट्टा करण्याऐवजी लेखक तो भोळेपणा कोणी आणि कशासाठी पोसला हे दाखवतो, आणि शेवटी त्या जोडप्याला शाळेच्या वाटेवर आणून सोडतो. अडाणीपण हा स्वभाव नसून लादलेली स्थिती आहे, हा विचार इतक्या लवकर मांडला गेला असतानाही हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने नाकारले आणि ते दीर्घकाळ अप्रकाशित राहिले, ही मराठी नाट्यव्यवहाराची मोठीच हानी होय.

तमाशातील सोंगाड्या, म्हणजे विनोदी सोंग घेऊन वगाची सूत्रे हलवणारा नट, याच्याकडे वेगळी ताकद होती. ‘गाढवाचं लग्न’ या वगात दादू इंदुरीकरांनी अजरामर केलेला सावळ्या कुंभार गावंढळ बोलतो, पण त्याच्या तोंडून राजाची आणि दरबाराची अब्रू जाते, समोर बसलेले गाव त्याच्याबरोबर हसते. हाच नट शहरी नाट्यगृहात गेला की प्रेक्षक बदलतो आणि हशाची दिशाही बदलण्याचा धोका निर्माण होतो. दादा कोंडके यांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून हा धोका बऱ्याच अंशी पेलला, कारण त्यांचा हवालदार सत्तेचीच खिल्ली उडवत होता. ‘सोंगाड्या’ (1971) या चित्रपटातील नाम्या मात्र लोंबत्या नाडीच्या चड्डीतला, आईच्या धाकातला बावळट पोरगा आहे. पुढील चित्रपटांत हा पोशाख एक ठरीव चिन्ह बनला, आणि द्व्यर्थी संवादांच्या गर्दीत मूळच्या सोंगाड्याचा उपरोध मागे पडला. तरीही अभिजनांनी कोंडक्यांच्या विनोदाला ग्राम्य ठरवताना वापरलेली मोजपट्टी तीच जुनी होती, आणि गिरणगावातला कामगार व खेड्यातला शेतकरी या चित्रपटांना का गर्दी करतो, याचा विचार फार थोड्या समीक्षकांनी केला.

साहित्यात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने (1955) दृष्टिकोनच उलटा केला : तेथे शिकलेला तरुण मास्तर नवखा आहे, आणि धनगरांच्या वाडीची रीत, माणदेशचा दुष्काळ व माणसांचे शहाणपण त्याला शिकावे लागते. द. मा. मिरासदारांच्या कथांतल्या भोकरवाडीतील नाना चेंगट, बाबू पैलवान ही मंडळी मात्र बढाया, भित्रेपणा आणि रिकामटेकडेपणा यांच्या आधारावर उभी आहेत. मिरासदारांची कथनशक्ती निर्विवाद असली, तरी कथाकथनाच्या व्यासपीठावरून शहरी श्रोत्यांपुढे गेलेले हे खेडे बरेचसे निरुपद्रवी झाले. त्यात कर्ज, पाणी आणि जात यांना फारशी जागा उरली नाही.

बोलीच्या बाबतीत मालवणीचा अनुभव सर्वांत बोलका आहे. मुंबईच्या घरांतून राबणारा कोकणी रामा गडी मराठी नाटकांत दीर्घकाळ हशापुरता येत-जात असे. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने (1980) त्याचीच बोली मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून नाटकभर खेळवली. गावातील हौशी मंडळींच्या नाट्यप्रयोगाची फजिती हा त्याचा विषय असल्याने हसू येथेही गावावरच आहे, परंतु ते आतल्या माणसाचे, आपल्याच घरावरचे हसू आहे. याउलट चित्रपटांत रूढ झालेली ग्रामीण भाषा कोणत्याच तालुक्याची नसते. व्हय, न्हाय, आयला यांच्या पेरणीतून घडवलेली ती रंगभूषेसारखी कोणाच्याही चेहऱ्यावर फासता येते, आणि म्हणूनच साच्याला ती इतकी सोयीची पडते.

नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांनी या सोयीला तडा दिला. ‘सैराट’मधील (2016) करमाळ्याकडची बोली पाटलाच्या मुलीच्या तोंडी अधिकाराची आणि प्रेमाची भाषा होते, हैदराबादेत मात्र भाषाच न कळणारे ती आणि तिचा प्रियकर परके ठरतात आणि त्यांच्या गोंधळाचा विनोद केला जात नाही. त्याआधीच्या ‘फॅण्ड्री’त डुकरे धरण्यासाठी धावणाऱ्या कैकाडी कुटुंबाला सारा गाव हसतो, आणि कॅमेरा त्या हसणाऱ्यांकडे वळतो. शहर ज्याला गावंढळ म्हणते त्या गावातही कोणीतरी कोणाला हिणवत असते, हे वास्तव मराठी पडद्याने इतक्या थेटपणे क्वचितच दाखवले होते.

दूरचित्रवाणी मालिकांमध्ये साच्याने वेगळे, अधिक फसवे रूप घेतले आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’मधील राणा हा न शिकलेला, भोळा, बलदंड पैलवान प्रेक्षकांचा लाडका झाला, कारण त्याचा अडाणीपणा निर्मळ मनाची हमी म्हणून सादर केला गेला. खेडुताला मूर्ख ठरवणे आणि त्याला निरागस ठरवणे या दोन्हींत त्याची बुद्धी नाकारलेली असते. पिकाचा हिशेब मांडणारा, बाजारभाव पाहून माल थांबवणारा, सोसायटीच्या निवडणुकीत डाव टाकणारा शेतकरी या दोन्ही चित्रांत बसत नाही.