ग्रिफिथ यांची भंगमीमांसा आणि काचतंतूचा पृष्ठभाग

ए. ए. ग्रिफिथ यांचा घन पदार्थांच्या भंगावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १९२१ साली प्रसिद्ध केला. काच अपेक्षेपेक्षा फार कमी ताणाने का तुटते, या प्रश्नाचे त्यातील उत्तर आजही आधारभूत मानले जाते. सूक्ष्म चिरेच्या टोकाशी प्रतिबल एकवटते आणि चीर वाढताना मुक्त होणारी ऊर्जा नवा पृष्ठभाग निर्माण करण्यास पुरेशी झाली, की भंग होतो. या सिद्धांताची थोरवी निर्विवाद आहे. तथापि त्याच निबंधातील एका निरीक्षणाचा लावलेला अर्थ मात्र पुन्हा तपासावा लागतो.

नुकत्याच ओढलेल्या तंतूंचे सामर्थ्य काही तासांत आपोआप घटते, असे ग्रिफिथ यांना आढळले होते. त्याचे कारण त्यांनी तंतूच्या अंतर्भागात, रेणूंच्या मांडणीतील बदलात शोधले. पुढील संशोधनाने लक्ष पृष्ठभागाकडे व त्याला स्पर्श करणाऱ्या बाष्पाकडे वळविले. चार्ल्स व हिलिग यांनी १९६२ मध्ये प्रतिबलाने वेग घेणाऱ्या क्षरणाची उपपत्ती मांडली. वीडरहॉर्न यांनी १९६७ मध्ये आर्द्रतेनुसार चिरेचा वेग कसा बदलतो, हे मोजून दाखविले. चिरेच्या टोकाशी ताणलेला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध पाण्याचा रेणू तोडतो. म्हणून ग्रिफिथ यांच्या मर्यादेहून कमी भारातही चीर हळूहळू वाढत राहते.

दूरसंचाराच्या प्रकाशीय तंतूंत या भेदाला व्यावहारिक महत्त्व येते. १२५ मायक्रॉन व्यासाच्या या सिलिका तंतूने अल्प ताण दशकानुदशके सोसावयाचा असतो, आणि बहुवारिकाचे आवरण बाष्प पूर्णपणे रोखू शकत नाही. तंतूचे आयुष्य अल्पकालीन चाचणीवरून घातनियमाने वर्तविले जाते. घातांक २० धरला, तर प्रतिबल निम्मे केल्याने आयुष्य दहा लाखपटींहून अधिक वाढते. इतक्या दूरच्या अनुमानात घातांकातील लहानशी चूकही फार महाग पडते.

याहून मूलभूत आक्षेप असा, की हा नियम आधीच असलेल्या चिरेची वाढ गृहीत धरतो. परंतु उघडा सिलिका तंतू कोणताही भार न देता उष्ण पाण्यात दीर्घकाळ ठेवला, तरी त्याचा पृष्ठभाग असमान झिजून खडबडीत होतो आणि सामर्थ्य उतरते. येथे जुना दोष केवळ वाढत नाही. नवा दोष जन्म घेतो.

यामुळे ग्रिफिथ यांचा ऊर्जाविचार बाद होत नाही; त्याचे क्षेत्र मात्र मर्यादित होते. काळ आणि परिसर यांचा उल्लेख न करता दिलेला सामर्थ्याचा आकडा तंतूसंबंधी अपुरेच ज्ञान देतो.