साच्यातील मराठी : आज्ञावलीने भरलेल्या दस्तऐवजांच्या भाषेची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन दाखले, शुल्काच्या सूचना, निमंत्रणे इत्यादी मजकूर आज बहुधा तयार साच्यातून निघतो. साच्यात रिकाम्या जागा ठेवलेल्या असतात आणि स्क्रिप्ट, म्हणजेच एक छोटी आज्ञावली, यादीतील नाव, गाव व वर्ग तेथे आणून बसवते. ही रीत इंग्रजी वाक्यरचनेस अनुकूल आहे, कारण तेथे शब्दयोगी अव्यय नामापूर्वी स्वतंत्र येते व नाम बदलत नाही. मराठीत मात्र प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. हा भेद लक्षात न घेता केलेल्या साच्यांचे मराठीपण कितपत टिकते, हे पाहणे आवश्यक ठरते.

सामान्यरूपाची अडचण

बुलढाणा जिल्ह्यातील ग्रामनामे उदाहरणादाखल घेता येतील. रिकाम्या जागेपुढे 'त' हा प्रत्यय छापलेला असेल, तर 'उंद्रीत', 'चिखलीत' ही रूपे बिनचूक उतरतात. परंतु 'खामगावत', 'मोताळात' अशी अशुद्ध रूपेही त्याच साच्यातून बाहेर पडतात. अंत्य 'आ'चा 'या' करण्याचा नियम आज्ञावलीत घातल्यास 'मोताळ्यात', 'बुलढाण्यात' ही रूपे साधतात. तोच नियम सिंदखेडराजास लावला, की 'सिंदखेडराज्यात' असे रूप तयार होते आणि जिजाऊंच्या जन्मगावाचे एकाएकी राज्य होते! केवळ अंत्याक्षरावरून सामान्यरूप ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कार्यालयीन परंपरेतील उत्तर

संगणक येण्यापूर्वीच कार्यालयीन मराठीने ही अडचण ओलांडली होती. 'मौजे उंद्री, तालुका चिखली येथील', 'श्री. अमुक यांस' या धाटणीत विकार नामाला न होता पुढील शब्दाला होतो. नाम जसेच्या तसे राहते. जड म्हणून हिणवली गेलेली हीच रचना साच्यास सर्वाधिक योग्य आहे. लिंगभेदाचेही तसेच. 'उत्तीर्ण झाला/झाली' अशी तिरकी रेघ दाखल्यावर ठेवण्याऐवजी 'यांनी परीक्षा उत्तीर्ण केली आहे' असे लिहिल्यास क्रियापद 'परीक्षा' या कर्माप्रमाणे चालते व प्रश्नच उरत नाही.

मर्यादा

सर्वच प्रश्न वाक्यरचनेने सुटत नाहीत. 'कुमारी' की 'सौ.' हे आज्ञावलीने ठरवू लागणे म्हणजे स्त्रीच्या वैवाहिक स्थितीविषयी अंदाज बांधणे होय. तसेच १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. 'मधले नाव' अशी एकच जागा असलेल्या साच्यात आई किंवा वडील यांपैकी एकाचे नाव गळणार. हा दोष यंत्राचा नसून साचा आखणाऱ्याचा आहे.

निष्कर्ष

साचा तयार करणे हे केवळ तांत्रिक काम नसून भाषिक संपादनही आहे. म्हणून कोणताही साचा वापरात आणण्यापूर्वी मराठी विभागाने तो वाचावा आणि उंद्री, मोताळा व सिंदखेडराजा ही तीन नावे त्यात घालून पाहावीत. दाखल्यावरील अशुद्ध मराठी विद्यार्थ्याच्या नावासोबत आयुष्यभर राहते, याचे भान संस्थांनी ठेवणे अगत्याचे आहे.